नाशिकमध्ये घरी बटेर उबवायचेत: अंडी आणू की पिल्लं? सल्ला हवा

अवनीची_आई
मखमलाबादला आमचं रो-हाऊस आहे. मागे जेमतेम दोन खाटा मावतील एवढं अंगण, त्यावर पत्र्याची शेड. घरात आम्ही दोघं, सासूबाई, नववीतला मुलगा आणि तिसरीतली अवनी. तिला अंड्यातून पिल्लू निघताना बघायचंय. कोंबड्यांना घरातून साफ नकार, म्हणून बटेर, म्हणजे लाव्यासारखे छोटे पक्षी. सासूबाई अंडंही खात नाहीत, पण "बघायला माझी ना नाही" म्हणाल्यात.
उबवायची अंडी आणावीत की महिन्याची पिल्लं? थर्माकोलच्या पेटीचं यंत्र चालतं का? मेच्या सुट्टीत सुरू करायचा विचार आहे.

सिन्नरचा_पोल्ट्रीवाला
ताई, मे सोडून काहीही. ही छोटी यंत्रं आत तापवू शकतात, गार करू शकत नाहीत. नाशिकचा पारा चाळिशीला टेकला आणि खोली पत्र्याखाली असली की आतली अंडी उकडून निघतात. थंडीही टाळा, डिसेंबर-जानेवारीत पिल्लांची ऊब सांभाळताना नाकी नऊ येतात. दिवाळीच्या आधी नाहीतर फेब्रुवारीत. आणि यंत्र शेडमध्ये नको, घरातल्या आतल्या खोलीत ठेवा.

देवळालीकर_काका
अंडीच आणा. पोरीला फुटणं बघायचंय ना, मग महिन्याची पिल्लं आणून काय साधणार? जपानी बटेर १७-१८ दिवसांत निघतात, कोंबडीला २१ लागतात. मादी बसेल या भरवशावर मात्र राहू नका. पिढ्यान्पिढ्या पिंजऱ्यात वाढलेली ही जात सहसा अंड्यांवर बसत नाही.

थर्माकोलची पेटी चालेल, पण पंख्याची घ्या. पंखा असेल तर ३७.५ अंश. बिनपंख्याच्या पेटीत वर गरम नि खाली गार, तिथे अंड्यांच्या माथ्याशी मोजून साधारण ३८.५ लागतं. यंत्रावरच्या आकड्यावर विसंबू नका, आत वेगळा थर्मामीटर ठेवा. आर्द्रता पहिले दोन आठवडे ५० टक्क्यांच्या आसपास, शेवटचे तीन दिवस ६५ ते ७०. अंडी दिवसातून निदान तीनदा फिरवायची. चौदाव्या दिवसानंतर फिरवणं बंद आणि झाकणही बंद.

या झाकणापाशीच घराघरात भांडणं होतात. एका अंड्याला भोक पडलेलं असतं, आतून चिवचिव ऐकू येते, तासन्तास पुढे काही होत नाही, आणि कोणाला तरी राहवत नाही. झाकण उघडलं की ओल निघून जाते, बाकीच्या अंड्यांतला पापुद्रा वाळून पिल्लाला चिकटतो आणि ते आतच अडकतं. निघालेलं पिल्लू पोटातल्या बलकावर दिवसभर निभावून नेतं, त्याला घाई नसते. पिसं वाळून फुलली की मग बाहेर काढा. झाकणाला काच असलेली पेटी घ्या, म्हणजे अवनीला सगळं दिसेल आणि हात आत जाणार नाही.

दुकानात खायला मिळणारी अंडी उबवायला आणू नका, बहुतेक नराशिवायची असतात. पाळणाऱ्याकडूनच घ्या, आठवड्याच्या आतली, न धुतलेली. प्रवासातून आली की रात्रभर बोथट टोक वर करून ठेवा, मग लावा.

अवनीची_आई
काका, फार उपयोगी. आमच्याकडे वीज मात्र अधूनमधून जाते. तेव्हा?

सातपूर_नाइटशिफ्ट
अर्धा-पाऊण तास गेली तर पेटी उघडू नका, वर गोधडी टाका, हवेची भोकं मोकळी ठेवा. त्याहून जास्त जात असेल तर आधी इन्व्हर्टर, मग अंडी. यंत्र महागातलं घेऊन बॅकअप नसेल तर काही अर्थ नाही.

निफाडकरीण
उबवणीवर सगळे भरभरून बोलतात, पिल्लांचा पहिला आठवडा मात्र कोणी सांगत नाही. पिल्लू सुपारीएवढं, वजन सात-आठ ग्रॅम. कोंबडीच्या पिल्लांचं पाण्याचं भांडं ठेवलंत तर त्यात बुडून मरतात. बशी उथळ हवी आणि तिच्यात गोट्या भरायच्या, चोच बुडेल इतकंच पाणी दिसलं पाहिजे. खाली गुळगुळीत वर्तमानपत्र नको, त्यावर पाय फाकतात आणि मग सरळ होत नाहीत. गोणपाट किंवा खरखरीत कापड घाला. चार-पाच दिवसांनी तूस टाका. घोटीच्या भातगिरण्यांत हवं तेवढं मिळतं.

ऊब पहिल्या आठवड्यात ३५ ते ३७ अंश, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी. एलईडीचा बल्ब इथे कामाचा नाही, त्याची ऊबच पडत नाही. जुना पिवळा बल्ब शोधा, नाहीतर ऊब देणारा खास बल्ब. पिल्लं बल्बखाली एकमेकांवर चढली तर गार वाटतंय, कडेला पांगून चोची उघड्या टाकल्या तर उकडतंय. थर्मामीटरपेक्षा त्यांच्याकडे बघून पटकन कळतं.

खाद्याला ब्रॉयलरचं प्री-स्टार्टर (मांसाच्या कोंबड्यांच्या अगदी लहान पिल्लांचं खाद्य), मिक्सरमध्ये जरा फिरवून बारीक करा. प्रथिनं २४ टक्क्यांच्या आसपास लागतात, थैलीवर वाचून घ्या. अंडी द्यायला लागल्यावर शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत.

रानवाट
एक सांगून ठेवतो. शेतात जाळं लावून धरलेले लावे कोणी दारावर विकायला आणले तर घेऊ नका. रानातले लावे १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहेत. पाळायचे ते जपानी बटेर. बरेलीजवळच्या इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने त्यांच्या जाती तयार केल्यात.
दुसरं, नांदूरमध्यमेश्वरला पक्षी बघून आलात तर त्याच चपलांनी पिंजऱ्यापाशी जाऊ नका. २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापुरात बर्ड फ्लू आला तेव्हा लाखो कोंबड्या माराव्या लागल्या होत्या. पक्षी हाताळल्यावर मुलांनी साबणाने हात धुवायचे, पिल्लाला पापी बिपी नाही.

सिन्नरचा_पोल्ट्रीवाला
मूळ मुद्दा राहिला. २४ अंडी लावलीत आणि साठ-सत्तर टक्के फुटली तर पंधरा-सोळा पिल्लं. त्यात निम्मे नर. एका नरामागे तीन-चार माद्या हव्यात, म्हणजे ठेवायचे दोन. बाकीचे पाच-सहा कुठे जाणार? तिसऱ्या आठवड्यात छातीवरून ओळखता येतात, नराची तांबूस, मादीची ठिपक्यांची. सहा-सात आठवड्यांत वयात येतात, मग एकमेकांची डोकी फोडतात आणि पहाटे जे ओरडतात ते शेजाऱ्यांना विचारा. हे आज घरात ठरवा. पोरीने नावं ठेवल्यावर ठरवायला बसलात तर अवघड जाईल.

देवळालीकर_काका
शंभर टक्के सहमत. माझं मत विचाराल तर १२ अंड्यांनीच सुरुवात करा. यूट्यूबवर महिन्याला लाखभर मिळवून देणारे भेटतील, त्यांच्याकडे कानाडोळा करा. मादी वर्षाला अडीचशेच्या आसपास अंडी देते, पण एक अंडं दहा-बारा ग्रॅमचं. घरच्यापुरतं ठीक.

अवनीची_आई
नरांचं काल जेवताना काढलं. मुलगा म्हणाला "खायचे", अवनी ताटावरून उठली. सासूबाईंचं म्हणणं, घरात वाढवलेलं घरात कापायचं नाही. शेवटी आडगावच्या माझ्या मावसदिरांनी जास्तीचे नर न्यायचं कबूल केलंय. ते पुढे काय करतील हे अवनीला खरं सांगायचं ठरलंय, तेही आधीच.
१२ अंडी, फेब्रुवारी, पंख्याची पेटी. पिंजरा मुलगा करणार आहे. उंची किती ठेवू? माणूस उभा राहील इतका करावा म्हणतोय.

निफाडकरीण
अजिबात नको. घाबरले की बटेर सरळ वर उसळी मारतात आणि छताला डोकं आपटतं. फूटभर उंची बास, वरून जाळीच्या आत जाड कापड ताणून लावा. जाळी अर्ध्या इंचाची घ्या, मोठ्या भोकातून उंदीर शिरतो. आणि मखमलाबादला मुंगूस असतील, तेव्हा कडीला खिटी हवीच.