मदत हवी आहे: घाई न करणारा, पण केलेली चूक पुसू न देणारा टर्न-बेस्ड गेम

मंडळी, नमस्कार. प्रश्न जरा लांबलचक आहे, पण पार्श्वभूमी सांगितल्याशिवाय नीट कळणार नाही.

गेल्या वर्षी दुचाकीवरून पडले आणि उजवं मनगट मोडलं. आत प्लेट आहे. स्वयंपाक, टायपिंग सगळं जमतं, पण बोटं पूर्वीसारखी झटपट चालत नाहीत. त्यामुळे भावाबरोबर खेळायचे ते पळापळीचे, गोळीबाराचे गेम सुटले. मग आपली चाल झाली की समोरच्याची, असे टर्न-बेस्ड गेम हातात घेतले. डाव्या हाताने माउस धरायचा, हवा तेवढा विचार करायचा, घड्याळ कुठेच नाही. फिजिओथेरपीच्या त्या कंटाळवाण्या महिन्यांत या गेमांनी मला खरंच सांभाळलं.

सुरुवात झाली २०१२च्या 'एक्सकॉम: एनिमी अननोन'ने. परग्रहवासीयांशी लढणारी आपली छोटी तुकडी, आणि सैनिकांना नावं आपणच द्यायची. मी हॉस्टेलच्या मैत्रिणींची दिली. तिथेच अडकले. पडद्यावर ८५ टक्के नेम दिसतोय, गोळी झाडली, चुकली, आणि पुढच्याच चालीत मैत्रीण गेली. ती कायमची. मला ते बघवेना, म्हणून जुना सेव्ह, म्हणजे आधी साठवून ठेवलेला डाव, उघडला. या गेममध्ये पुढचे फासेही सेव्हबरोबर जपलेले असतात. तीच चाल त्याच क्रमाने केली की निकालही तोच. मग मी क्रम बदलायला शिकले. आधी दुसरीला गोळी झाडायला लावायची, वाईट दान तिच्यावर खपवायचं आणि मग महत्त्वाचा नेम धरायचा. एक मोहीम अशी तीन तास खेळले. एकही मैत्रीण गमावली नाही, पण जिंकल्याचं काहीच वाटलं नाही.

आजोळी सारीपाट मांडायचे तेव्हा आजीची एकच अट असायची: पडलेलं दान उचलायचं नाही. कितीही रडलं तरी नाही. एक्सकॉम खेळताना ती अट मी दर पाच मिनिटांनी मोडत होते, आणि ते मला मनापासून लागलं.

त्यानंतर 'इन्टू द ब्रीच' (२०१८) खेळले. आठ बाय आठचा पट, त्यावर आपली तीन यंत्रं. शत्रू पुढे कुठे वार करणार हे आधीच दिसतं आणि आपला वार कधी चुकत नाही. म्हणजे सारीपाटापेक्षा बुद्धिबळाच्या जवळचा. ढकल, अडव, शत्रूचा वार शत्रूवरच वळव. एकेका चालीवर वीस-वीस मिनिटं घालवली आहेत, आणि हरले तेव्हा का हरले ते स्वच्छ दिसलं. माझ्या मते या प्रकारातला हा सगळ्यात नितळ गेम. पण त्यात माणसं फार थोडी. वैमानिक आहेत, दोन-चार वाक्यं बोलतात, तेवढंच. मला सोबतीने वाढणारी माणसं हवी आहेत.

ती मिळाली मावसभावाकडे, 'फायर एम्ब्लेम: थ्री हाउसेस'मध्ये (२०१९). विद्यार्थ्यांना शिकवायचं, त्यांच्याबरोबर जेवायचं आणि मग त्यांनाच रणात उतरवायचं. डाव मागे फिरवायची सोय गेमनेच दिली आहे, पण प्रत्येक लढाईत मोजक्या वेळा. ते मला फार आवडलं. मोजून मिळालं की माणूस जपून वापरतो. एक गोष्ट मात्र खटकली. या मालिकेतल्या बऱ्याच भागांत वार लागेल की नाही हे ठरवायला आतल्या आत दोन आकडे काढून त्यांची सरासरी धरतात. त्यामुळे ८० टक्के लिहिलेलं असतं तेव्हा खरी शक्यता ९२च्या आसपास असते. आपल्या मनाला ८० म्हणजे 'जवळजवळ नक्की' वाटतं, म्हणून हा बदल. हेतू चांगलाच आहे, पण मला खरा आकडा दिसलेला चालेल.

२०२५चा 'क्लेअर ऑब्स्क्युअर: एक्स्पिडिशन ३३' एका मैत्रिणीकडे पाहिला. कथेने पहिल्या तासातच गळा दाटून आला. पण चाली आळीपाळीने असल्या तरी शत्रूचा वार परतवायला नेमक्या क्षणी बटण दाबावं लागतं. ते माझ्या हाताला झेपलं नाही. तिथून उठताना वाईट वाटलं.

तर जाणकारांनी कृपया सांगावं. बटणाचं टायमिंग अजिबात नसलेला, फक्त माउसवर चालणारा, माणसं लक्षात राहतील असा गेम कोणता? लॅपटॉप जुना आहे, ८ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, त्यामुळे 'बाल्डर्स गेट ३'चा विषयच नको. आणि दुसरं, जे मला जास्त महत्त्वाचं आहे: सेव्ह पुन्हा उघडायचा नाही हे तुम्ही कसं पाळता? एक्सकॉममध्ये 'आयर्नमॅन' आहे हे माहीत आहे. त्यात एकच सेव्ह राहतो, मागे जाताच येत नाही. पण कुणीतरी दार बाहेरून लावून घ्यावं असं मला नकोय. दार उघडं असताना आत बसता आलं पाहिजे.

आगाऊ आभार.

प्रतिसाद १:
ताई, 'बॅटल फॉर वेसनॉथ' घ्या. २००३पासून चालू आहे, पूर्ण मोफत आहे आणि तुमच्या लॅपटॉपवर आरामात चालेल. षटकोनी घरांचा पट. दिवस-रात्र बदलते तशी ताकद बदलते: काही पक्ष उजेडात जोरदार, काही अंधारात. वार करण्याआधी प्रत्येक निकालाची शक्यता किती ते गेम उघड दाखवतो. वाचलेले सैनिक पुढच्या मोहिमेत परत बोलावता येतात, त्यामुळे ते आपोआप 'आपले' होतात. त्यातल्या 'द साउथ गार्ड' या मोहिमांच्या मालिकेपासून सुरुवात करा. मोहिमेच्या सुरुवातीचा सेव्ह सोडून दुसरा उघडायचा नाही, एवढा एकच नियम मी पाळतो. हरलो तर पूर्ण मोहीम पुन्हा.

प्रतिसाद २:
'फायनल फॅन्टसी टॅक्टिक्स' मूळ १९९७चा, २०२५मध्ये नव्या रूपात पीसीवरही आला आहे. घेण्याआधी तुमच्या लॅपटॉपवर चालेल का ते तपासा. त्यात पडलेल्या सैनिकाच्या डोक्यावर ३ हा आकडा येतो आणि त्याची पाळी येईल तसा उतरतो. संपायच्या आत उठवलं नाही तर तो गेला. मरण आहे, पण धावत जाऊन वाचवायची संधीही आहे. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं सांगायचं तर मी वही ठेवते. कुणी गेलं की लोड करण्याआधी, म्हणजे जुना सेव्ह उघडण्याआधी, त्यात लिहायचं: नाव, कुठे उभं केलं होतं, का. तेवढं लिहून होईस्तोवर लोड करायची इच्छा बहुतेक वेळा ओसरलेली असते.

धागाकर्ती:
दोघांचेही मनापासून आभार. वेसनॉथ त्याच रात्री उतरवून घेतला. दरोडेखोरांपर्यंत ठीक चाललं, मग सांगाडे आले. पहिल्याच मोहिमेपासून बरोबर असलेल्या भालेवाल्याला मी अंधारात पुढे काढलं. भाल्याची टोचणी हाडांना फारशी लागतच नाही, हे तो गेल्यावर कळलं. आकडे आधीच समोर होते, मी वाचले नव्हते. वहीत त्याचं नाव लिहिलं, खाली 'रात्र, उघडं मैदान, घाई' असं लिहिलं आणि पुढची चाल केली. सेव्ह उघडला नाही.

आता एक जोडप्रश्न. जुन्या माणसाला परत बोलवायला २० सुवर्णमुद्रा लागतात, नवा भालेवाला १४मध्ये मिळतो. सांगाड्यांसमोर आगीचे मांत्रिक आणि गदावाले जास्त चालतात असं दिसतंय. मग तुम्ही अशा मोहिमेत जुने भालेवाले घरीच ठेवता का? मला त्यांना मागे सोडवत नाहीये.