ट्रेक संपला, आता पुढं कुठं? (सातारा-सांगलीकरांचे अनुभव)

माहुलीची (धागाकर्ती)

ट्रेकचे वृत्तान्त आपल्याकडं पोत्यानं आहेत. कुठून चढलो, टाक्यातलं पाणी कसं होतं, मुक्कामाला पिठलं कुणी केलं, सगळं तपशिलात असतं. आणि मग शेवटची ओळ: "संध्याकाळची एसटी पकडून घरी आलो." मला नेहमी त्या ओळीबद्दलच विचारावंसं वाटतं. दिवसचे दिवस चालून माणूस रस्त्याला लागतो तेव्हा पैसे बेताचे उरलेले असतात, कपड्यांना वास मारत असतो, भूक राक्षसासारखी लागलेली असते आणि समोर फाटा असतो. सरळ घर गाठायचं की आलोच आहोत तर अजून पुढं जायचं?

त्या फाट्यावर तुम्ही काय केलंत ते इथं लिहा. चालणं लांबचं हवं, एवढीच अट. घाटवाट, वारी, परिक्रमा, हिमालय, परदेश, काहीही चालेल. चढाईचं वर्णन दोन ओळींत आटपा. गाडी कुठून मिळाली, कुठं टेकलात, काय खाल्लंत, पाय काय म्हणत होते, ते येऊ द्या.

घाटउतार

मी करतो सुरुवात. सह्याद्री व्याघ्र प्रकल्प 2010 साली झाला, त्याच्या आधीची गोष्ट आहे. आता नियम कडक आहेत, त्यामुळे वाट म्हणून वाचू नका, पुढच्या प्रवासासाठी वाचा.

साताऱ्याहून बामणोली, तिथून लाँचनं शिवसागर ओलांडून वासोटा, मग नागेश्वर, आणि तिथून कोकणात चोरवण्याला उतरलो. झाले दोन ओळींत!

खाली उतरल्यावर निम्मे जण म्हणाले, घरी. निम्मे म्हणाले, एवढं कोकणात उतरलोय तर समुद्र न बघता जायचं? मी दुसऱ्या गटात. मिळेल त्या गाडीनं चिपळूण आणि तिथून गुहागर. किनाऱ्यावर पोचलो तेव्हा दुपार टळली होती. बूट काढून पाय खाऱ्या पाण्यात घातले आणि असा काही चरका बसला की विचारू नका. फोडांना मीठ लागतं हे डोंगरात कुणाच्या डोक्यात येणार? पाच मिनिटं शिव्या घातल्या, मग मात्र पाणी बरं वाटायला लागलं आणि अंधार पडेपर्यंत कुणी बाहेर आलं नाही. रात्री एका घरगुती खानावळीत भात, माशाची आमटी, सोलकढी. काकूंनी आमच्या ताटातला भात मोजायचं सोडून दिलं होतं.

परतीची मजा वेगळीच. चिपळूण-कराड एसटी कुंभार्ली घाटानं चढते. पायथ्याला पोफळी. बामणोलीला ज्या पाण्यावरून आमची लाँच गेली, तेच कोयनेचं पाणी डोंगराच्या पोटातून इथं आणून वीज करतात. वर आलं की हेळवाक, कोयनानगर, धरण. म्हणजे एका पाण्याला लाँचनं, पायी आणि एसटीनं अख्खी प्रदक्षिणा पडली. ज्यांनी चोरवण्यातूनच घरचा रस्ता धरला त्यांना ही प्रदक्षिणा नाही मिळाली, आणि हे मी त्यांना अजूनही ऐकवतो.

तांबडा_पांढरा

पन्हाळा ते पावनखिंड, भर जुलैत. पुढचा प्रवास एवढाच: कोल्हापूर स्टँड, जेवण, मिरजेची गाडी. पण त्या जेवणाबद्दल वेगळा धागा काढावा लागेल. कंडक्टर मामांनी आमचा अवतार बघून मागच्या सीटवर वर्तमानपत्र अंथरलं आणि म्हणाले, "बाजीप्रभूंची माणसं दिसताय, बसा." चिखल त्यांच्या तिकिटाच्या ट्रेपर्यंत गेला तरी हसत होते.

आरगची_सून

वारी चालेल म्हणालात म्हणून लिहिते. आळंदी ते पंढरपूर माउलींबरोबर चालले. वारीचं सगळे लिहितात, पंढरपुरातून बाहेर पडायचं कुणी लिहीत नाही. एकादशी झाली की गर्दीचा लोंढा उलटा फिरतो. आमच्या दिंडीतले बरेच जण त्याच रात्री गाड्यांना लोंबकळून गेले. मी आणि सासूबाई गोपाळकाल्यापर्यंत थांबलो. पौर्णिमेला गोपाळपुरात काला घेतला, मग सामान बांधलं. ज्यांना जमतं त्यांनी थांबावं. एकादशीला पंढरपुरात फक्त माणसांच्या पाठी दिसतात, पौर्णिमेपर्यंत जरा गावही दिसायला लागतं.

आम्हाला मिरजेची रेल्वे सोयीची. पूर्वी ही बार्शी लाइट म्हणून छोटी गाडी होती. सासूबाई सांगतात, चढावर पोरं उतरून बरोबर चालायची. आता मोठी लाइन आहे, आषाढीला जादा गाड्याही असतात. डब्यात पाय ठेवायला जागा नव्हती. पण कुणी भांडत नव्हतं. टाळ पिशवीत, तुळस मांडीवर, चुरमुऱ्या-बत्ताशाची पुडकी बाकाखाली, बुक्क्याचा वास सगळीकडं. सांगोला गेलं, ढालगाव आलं, प्रत्येक स्टेशनावर एकेक दिंडी उतरत होती आणि उतरणारा डब्यातल्या प्रत्येकाच्या पाया पडत होता. गाडी चांगली हलली तरी लोक पाया पडतच होते! कवठेमहांकाळला तर एक आजोबा पाया पडायच्या नादात पुढं सलगऱ्यापर्यंत आले. त्यांना त्याचं काही वाटलं नाही. "चालत जाईन, हाय काय नाय काय," म्हणाले.

घरी आल्यावर पहाटे जाग यायची आणि मी उठून चपला शोधायची. सासूबाईंचंही तसंच. दोघी अंधारात अंगणात फेऱ्या मारायचो.

फलटणचा_पावणा

वरच्या ताईंना जोडून. आम्ही एसटीनं माघारी आलो, माळशिरस, नातेपुते, बरड, फलटण. जाताना एकेका मुक्कामाला एकेक दिवस दिलेला, आणि गाडी झपाझप मागं टाकत चाललेली. बरडजवळ ज्या लिंबाखाली आमचा ट्रक उभा होता तो दिसेल म्हणून खिडकीला नाक लावून बसलोतो. दिसला का न्हाई कळायच्या आत फलटण आलं. लई वंगाळ वाटलं.

आणि एक. पालखी स्वतः एसटीनं जात न्हाई! माउली पायीच आळंदीला परत जातात. तेव्हा ना ती गर्दी, ना पाण्याचे टँकर, ना टीव्हीवाले. आमच्या गावातले एक म्हातारबाबा दरसाल परतवारीच करतात. म्हणतात, जाताना समदं जग संगट असतं, येताना देवाशी बोलता येतं. पुढचा प्रवास काय असतो ते त्यांना विचारा.

विश्रामबाग_ते_कुठंही

मी सांगलीची, नोकरीसाठी जर्मनीत. स्पेनमधली सान्तियागोची यात्रा केली, त्या लोकांची वारीच म्हणा. फ्रान्सच्या हद्दीतल्या सेंट-जीनपासून पूर्ण वाट सुमारे 780 किमी आहे. मी सारियापासून शेवटचा शंभरावर किलोमीटरचा टप्पा चालले. वाटेत शिक्के घेत जायचं, ते दाखवले की सान्तियागोला लॅटिनमध्ये प्रमाणपत्र मिळतं.

प्रमाणपत्र हातात आलं की पुढं काय हा प्रश्न तिथं शेकडो वर्षांचा आहे आणि त्याचं उत्तरही ठरलेलं आहे. फिनिस्टेरा. तिथून पश्चिमेला साधारण 90 किमी, अटलांटिकच्या काठावर. जुन्या काळी जमीन इथं संपते असं मानायचे. हाडाचे यात्रेकरू तिथवरही चालत जातात. मी बसनं गेले, आणि बसमध्ये एकही माणूस बोलत नव्हता. अर्ध्या लोकांनी बूट काढून ठेवले होते, वासाबद्दल कुणाचीच तक्रार नव्हती. बाहेर रस्त्याकडेनं पाठीला शिंपला (या यात्रेची खूण) लावलेले लोक चालताना दिसले की सगळ्यांच्या माना तिकडं वळायच्या. दीपगृहाच्या अलीकडं 0,00 किमी लिहिलेला दगड आहे. पूर्वी लोक तिथं कपडे-बूट जाळायचे, आता मनाई आहे, तरी खडकांवर काळे डाग दिसतात.

कामाची गोष्ट: यात्रेकरूंच्या स्वस्त धर्मशाळांत चालत येणाऱ्याला आधी जागा देतात. बसनं उतरलात तर तुम्ही पर्यटक, दर पर्यटकाचा. त्यामुळे पुढच्या प्रवासाचे पैसे यात्रेच्या हिशेबात धरू नका, वेगळे ठेवा. मी तिथून परत सान्तियागो आणि मग बसनं पोर्तुगालातल्या पोर्तोला गेले. पोर्तो सुंदर आहे म्हणतात. मी मात्र नदीकाठी बाकावर बसून लोक चालताना बघत होते, संग्रहालयं वगैरे जमलंच नाही. चालून आल्यावर लगेच शहर बघायला जाऊ नये असं माझं मत झालंय. शहर नंतर, आधी पाणी.

घाटउतार

@विश्रामबाग, "आधी पाणी" ला शंभर टक्के. फक्त फोड बरे होऊ द्या.

हळदबाजार

एव्हरेस्ट बेस कॅम्पला (5364 मीटर) जाणाऱ्यांसाठी. तुमचा ट्रेक लुकलाला संपतो असं वाटतं, संपत नाही. लुकलाची धावपट्टी अवघी 527 मीटरची आणि उताराची. ढग आले की विमानं बंद. आणि ढग येतातच. मोसमात बरीच विमानं काठमांडूला जातही नाहीत, रामेछापला सोडतात. तिथून काठमांडू रस्त्यानं चार-पाच तास. हे सगळं धरून मी काठमांडू-मुंबई तिकीट काढलंच नव्हतं.

आमच्याबरोबरच्या एका ग्रुपचं दुसऱ्या दिवशीचं आंतरराष्ट्रीय विमान होतं. लुकलात त्यांची जी तगमग बघितली, ती बेस कॅम्पच्या थंडीपेक्षा वाईट. दर अर्ध्या तासानं कुणीतरी बाहेर जाऊन आभाळाकडं बघून यायचं. आम्ही पत्ते खेळत बसलो. फार वेळ ढग हटले नाहीत तर खाली फापलू-सल्लेरीकडं चालत जाऊन जीप धरता येते, तीही तयारी होती. वेळ आली नाही.

मग पोखरा. फेवा तलावात होडी, आणि लॉजच्या गच्चीवर नुसती झोप. उंचीवर जेवण जात नव्हतं, ते सगळं इथं वसूल केलं. दाल-भातात भात पुन्हा पुन्हा वाढतात, आपल्या पंगतीसारखं. खोकला मात्र सांगलीपर्यंत बरोबर आला. तिथं कोरड्या हवेत सगळ्यांनाच होतो. पोखऱ्याहून तानसेन, बुटवल करत बसनं सुनौली, वाटेत लुंबिनी, सीमा पायी ओलांडून गोरखपूर. तिथून पुण्याला थेट रेल्वे आहे. शंभर भारतीय रुपयांना 160 नेपाळी, हा दर पक्का असतो, हिशेबाला सोपा.

हिमालयातून रेल्वेनं उतरत यावं. गार हवा, मग तराई, मग उत्तर प्रदेशचा उकाडा, मनमाडनंतर ओळखीची काळी माती. विमानानं आलेल्या मित्राला घरी पोचल्यावर दोन दिवस आपण कुठं आहोत कळत नव्हतं म्हणे. मला दौंडलाच कळलं होतं.

हर_नर्मदे

मी कोरेगावचा, निवृत्त शिक्षक. नर्मदा परिक्रमा पायी केली. ओंकारेश्वरहून उचलली, तिथंच सोडली. परिक्रमेत मैया ओलांडायची नसते. ओंकारेश्वर बेटावर आहे, त्यामुळे देऊळ समोर दिसत असूनही जाता येत नाही. परिक्रमा पूर्ण करून, कन्यापूजन आणि कढाईचा शिरा झाला की मगच पूल ओलांडून कुपीतलं जल महादेवाला वाहायचं. त्या पुलावर पाय टाकायला माझ्याच्यानं लवकर धजवेना. मागून लोक "बाबाजी चलो" करत होते.

पुढं खांडव्याला बसनं. एवढे महिने अन्न-निवारा कुणी ना कुणी दिलेला, खिशात हात घालायची वेळ क्वचित आलेली. खांडवा स्टेशनच्या खिडकीवर तिकिटाचे पैसे मोजताना बोटं अडखळली. गोवा एक्सप्रेस खांडव्याहून थेट साताऱ्याला येते. डब्यात पांढरी कफनी, हातात दंड बघून शेजारच्या बाईंनी पोळी-भाजी पुढं केली. मी सवयीनं "नर्मदे हर" म्हणून घेतली, आणि मग लक्षात आलं की आता आपण परिक्रमावासी नाही, प्रवासी आहोत. पोळी खाल्ली. नंतर चहा मी पाजला.

फिजिओ_मिरज

सगळ्यांचे अनुभव भारी आहेत, पण एक तांत्रिक सूचना. खूप चालल्यावर लगेच दहा-बारा तास बस-रेल्वेत पाय लोंबकळत बसणं शरीराला जड जातं. तास-दीड तासानं उठा, डब्यात फेरी मारा, बसल्या जागी घोटे वर-खाली करा, पाणी पीत राहा. लघवीला उतरावं लागेल म्हणून पाणी न पिणारे खूप बघते. दोन्ही पाय थोडे सुजले तर उंचावर ठेवले की बहुधा उतरतं. पण एकाच पायाची पोटरी सुजली, गरम लागली, दाबल्यावर दुखली तर चोळत बसू नका, मालिश तर नकोच, डॉक्टर गाठा. रक्ताची गुठळी असू शकते. दम लागला किंवा छातीत दुखलं तर त्याच क्षणी.

गादीवाला

मला यातलं काही पटत नाही. चाललात, दमलात, घरी या, आंघोळ करा, झोपा. समुद्र कुठं पळून जात नाही.

माहुलीची (धागाकर्ती)

@गादीवाला, तुमचाही अनुभवच आहे, नोंद घेतली. :)

@हर_नर्मदे, सर, साताऱ्याला उतरून कोरेगावला कसे गेलात ते राहिलं. दोघा-तिघांनी व्यक्तिगत निरोपात हेच विचारलंय म्हणून इथंच लिहिते: सातारा स्टेशन शहरात नाही, आमच्या माहुलीच्या बाजूला आहे. रात्रीच्या गाडीनं येत असाल तर रिक्षा मिळते, पण भाडं आधी ठरवा आणि पाठीवरची सॅक मांडीवर घ्यायची तयारी ठेवा. कोरेगाव, रहिमतपूरकडच्यांनी स्टँडवर न जाता पॅसेंजरची वेळ बघावी, दोन्ही गावं त्याच लाइनवर आहेत. पुढचे अनुभव येऊ द्या, हिमाचल-उत्तराखंडवाले अजून कुणी बोललेले नाहीत.