कागदाच्या शेततळ्यातल्या रोहू-कटलासाठी घरचं खाद्य: पेंड किती, कोंडा किती?

शेततळं_इंदापूर
प्लास्टिक कागदाचं तळं आहे. रोहू-कटला मिळून १,५०० मासे, सरासरी २०० ग्रॅमचे. तयार तरंगतं खाद्य परवडत नाही. नुसता कोंडा आणि शेंगदाणा पेंड दिली तर वाढ मंद आहे. सोया डीओसी (तेल काढलेली सोयाबीन पेंड) आणि मका जवळ मिळतात. प्रमाण काय ठेवू? आणि गोळी पाण्यात पडताच फुटते, त्याला काय करावं?

मत्स्यपोषण
मातीच्या तळ्यात मासा तळातले किडे, सडका पाला खाऊन कोंड्याची कमतरता भरून काढतो. कागदावर ती सोय नाही, सगळं खाद्यातूनच द्यावं लागतं.

१०० किलोला: सोया डीओसी ३५, शेंगदाणा पेंड १५, भाताचा कोंडा ४०, मक्याचं पीठ ८, डायकॅल्शियम फॉस्फेट १, माशांचं खनिज-जीवनसत्त्व मिश्रण १. प्रथिनं २८ टक्क्यांच्या आसपास बसतात. फॉस्फेट वगळू नका: पेंडीतला बराचसा फॉस्फरस फायटेट नावाच्या संयुगात अडकलेला असतो, तो माशाला पचत नाही. डीओसीऐवजी कच्चं सोयाबीन दळून घालायचा मोहही टाळा, त्यातला ट्रिप्सिनरोधक हा घटक प्रथिनं पचू देत नाही.

गोळी फुटते ती दोन कारणांनी. दळण जाडं असतं, किंवा मक्याचा स्टार्च शिजलेला नसतो. सगळं पिठासारखं बारीक दळा, घट्ट मळा, गोळे करून २० मिनिटं वाफवा. जीवनसत्त्वाचं मिश्रण गोळा गार झाल्यावरच मिसळा, उष्णतेने जीवनसत्त्वं नासतात. मग ३ मिमी जाळीतून काढून सावलीत कडक वाळवा.

भिगवण_मासळी
माशांचं एकूण वजन ३०० किलो, म्हणजे त्याच्या अडीच टक्क्यांनी रोज साडेसात किलो खाद्य, दोन वेळांत. पंधरा दिवसांनी जाळं टाकून वजन घ्या आणि आकडा बदला. घरची गोळी बुडते, म्हणून ती पसरून फेकू नका. ट्रे किंवा छिद्रं पाडलेली पोती दोरीने टांगा. दोन तासांनी खाद्य उरलेलं दिसलं तर पुढच्या वेळी कमी करा. उरलेलं कुजून अमोनिया वाढतो, आणि कागदाच्या तळ्यात तो फार लवकर वाढतो. ढगाळ सकाळी मासे वर येऊन तोंड मारत असतील तर खाद्य बंद. डिसेंबर-जानेवारीत पाणी गार पडलं की एक टक्का पुरे.

हिशोब पोत्याच्या भावावर करू नका. ३० रुपये किलोचं खाद्य अडीच किलो लागलं तर किलोभर मासा ७५ रुपयांना पडतो. ४५ रुपये किलोचं दीड किलोत भागलं तर साडेसदुसष्टला.

शेततळं_इंदापूर
शेंगदाणा पेंडेऐवजी सरकी पेंड चालेल का? स्वस्त आहे.

मत्स्यपोषण
पूर्ण बदलू नका. सरकीत गॉसिपॉल नावाचं विषारी द्रव्य असतं, जास्त झालं की वाढ खुंटते. १५ पैकी ५ किलोपर्यंत घ्या. शेंगदाणा पेंडेला बुरशी किंवा कुबट वास असेल तर ती अजिबात घालू नका: अफलाटॉक्सिन हे बुरशीचं विष वाफवूनही जात नाही, माशाचं यकृत खराब होतं. पावसाळ्यात पंधरा दिवस पुरेल एवढाच माल आणा, पोती फळीवर ठेवा. कोंडाही ताजाच घ्या, त्यातलं तेल लवकर खवट होतं.