मदत हवी आहे: सिटाडेलच्या जुन्या रंगांना आज पर्याय कोणते?

नमस्कार मंडळी,

माझा मावसभाऊ लेस्टरला असतो. २००९ च्या सुमारास त्याने वॉरहॅमर या छोट्या बाहुल्यांच्या युद्धखेळातल्या ऑर्क राक्षसांची एक पलटण रंगवायला घेतली होती. चाळीसपैकी सतरा झाले आणि काम थांबलं ते थांबलंच. मागच्या खेपेला आला तेव्हा अख्खा खोका माझ्या हवाली करून म्हणाला, "तूच पूर्ण कर, माझा हात आता स्थिर राहत नाही." यंदा गणपतीत तो नाशिकला येतोय. उरलेले तेवीस ऑर्क त्याच्या सतरांच्या रांगेत उभे करून त्याला दाखवायचे, ही माझी फार मनापासूनची इच्छा आहे.

खोक्यात दादाची वही आहे. चामड्याचे पट्टे, पिशव्या, बूट यांची कृती त्याने अशी लिहिलीय: काळा स्प्रे, मग स्कॉर्च्ड ब्राउन, त्यावर स्नेकबाइट लेदर, मग डेव्हलन मडचा वॉश (खाचांत उतरणारा पातळ गडद रंग) आणि शेवटी कडांना स्नेकबाइट लेदरमध्ये थोडा ब्लीच्ड बोन मिसळून. डब्याही आहेत, पण आतला रंग वाळून खडा झालाय. हे सगळे रंग सिटाडेल या ब्रँडचे, आणि त्यांनी २०१२ मध्ये सगळी श्रेणीच बदलली, त्यामुळे या नावांनी आता दुकानात काही मिळत नाही.

जुन्या नावांना नवे पर्याय सांगणारे तक्ते भरपूर पाहिले. स्कॉर्च्ड ब्राउनच्या जागी ऱ्हायनॉक्स हाइड, ब्लीच्ड बोनच्या जागी उशाब्टी बोन, डेव्हलन मडच्या जागी ॲग्रॅक्स अर्थशेड. मी मात्र वायेहो या दुसऱ्या कंपनीच्या गेम कलर श्रेणीतले घेतले, कारण ड्रॉपरच्या बाटलीतून थेंब मोजून मिश्रण करता येतं: चार्ड ब्राउन (७२.०४५), लेदर ब्राउन (७२.०४०), बोनव्हाइट (७२.०३४).

चार्ड ब्राउन छान जुळला. स्नेकबाइट लेदरच्या जागी घेतलेल्या लेदर ब्राउनपाशी गाडी अडली. पांढऱ्या कार्डावर एक पट्टा ओढला, पूर्ण वाळू दिला आणि दादाचा ऑर्क शेजारी धरला. माझा रंग नव्या गुळासारखा पिवळट, त्याचा वापरून मुरलेल्या कोल्हापुरी चपलेसारखा. दुसरा कुठला रंग मागवू? एकेक बाटली मागवून बघत बसणं परवडत नाही. आणि डेव्हलन मडला खरोखर जवळचं काय आहे?

प्रतिसाद १

ताई, थांबा, अजून काही मागवू नका. तुमची बाटली बरोबर आहे. याच ७२.०४० चं पूर्वीचं नाव कोब्रा लेदर होतं, नावावरूनच कळतं कुठल्या रंगासाठी काढला होता ते.

तुम्ही कोरा रंग वॉश मारलेल्या रंगाशी ताडून बघताय. दादांच्या पट्ट्यावर जो रंग दिसतो तो नुसता स्नेकबाइट लेदर नाहीच. खाली गडद तपकिरी आहे, वर डेव्हलन मड आहे. पातळ थरातून खालचा रंग डोकावतो. पांढऱ्या कार्डावर तो उजळच दिसणार. बाहुल्यांचे भाग ज्यात जोडलेले येतात त्या प्लॅस्टिकच्या फ्रेमचा तुकडा घ्या, त्यावर वहीतली कृती पहिल्यापासून शेवटपर्यंत करा आणि मग शेजारी धरा. दिवसा खिडकीपाशी बघा, रात्री ट्यूबखालीही बघा. दोन कंपन्यांची रंगद्रव्यं वेगळी असली की एका उजेडात जुळलेले रंग दुसऱ्या उजेडात वेगळे दिसू शकतात. तरीही पिवळा वाटला तर चार थेंबांना एक थेंब चार्ड ब्राउन घाला.

प्रतिसाद २

वरच्यांशी सहमत. डेव्हलन मडसाठी मी आर्मी पेंटरचा स्ट्राँग टोन वापरते, मला तो ॲग्रॅक्सपेक्षा जवळचा वाटतो. वॉश खाचेत साचला तर ओल्या ब्रशने लगेच टिपून घ्या, नाहीतर वाळल्यावर डाग राहतो. आणि चकाकीकडे लक्ष द्या. एक मॅट आणि एक सॅटिन असेल तर रंग तोच असूनही वेगळा भासतो. सगळं झालं की जुन्या-नव्या चाळीसही ऑर्कना एकच मॅट व्हार्निश मारा. आधी एकावर मारून बघा, दादांनी पूर्वी काही मारलेलं असेल तर कळेल.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार! फ्रेमच्या तीन तुकड्यांवर कृती करून पाहिली. ॲग्रॅक्स मैत्रिणीकडे होता, तोच मारला. वॉश वाळला आणि गुळाचा पिवळेपणा गेला. चार्ड ब्राउनचा थेंब घातलेला तुकडा तर खिडकीपाशी धरला तेव्हा दादाचा कुठला आणि माझा कुठला हे आईला ओळखता आलं नाही. कडा थोड्या पांढुरक्या झाल्यात, तिथे बोनव्हाइट निम्मा करते. व्हार्निशबद्दल वहीत काहीच नाही, आज रात्री दादाला फोन करून विचारते.

आता कातडीचा हिरवा. वहीत गोब्लिन ग्रीन आहे, तक्ते वॉरबॉस ग्रीन सांगतात. यावरही डेव्हलन मड आहेच, तेव्हा या वेळी आधी फ्रेमवरच करून बघणार आहे. दोन्ही हिरवे शेजारी ठेवून पाहिलेलं कुणी इथे आहे का?