जुन्या लॅपटॉपवर कोरं विंडोज टाकल्यावर ड्रायव्हर कुठले: कंपनीच्या साइटवरचे की विंडोज अपडेटचे?

कळफलक

लॅपटॉप २०११ ते २०१६ मधला, आत इंटेलचा दुसऱ्या ते सहाव्या पिढीचा प्रोसेसर, आणि त्यावर फॉरमॅट मारून कोरं विंडोज १०. अशा वेळी अजून एकच सल्ला फिरतो: कंपनीच्या साइटवर जा, मॉडेल नंबर टाका, यादीतले सगळे ड्रायव्हर (उपकरणं विंडोजला चालवता यावीत म्हणून लागणारी सॉफ्टवेअर) उतरवा आणि एकामागून एक टाकत जा. विंडोज ७ च्या काळात हे बरोबर होतं. तेव्हा यूएसबी ३ चा ड्रायव्हरसुद्धा विंडोजमध्ये नसायचा. विंडोज ८ पासून तो आतच येतो. एएचसीआय (साटा डिस्क चालवण्याची नेहमीची पद्धत) डिस्कचा तर त्याआधीपासून आहे.

माझं म्हणणं: आधी नेट जोडा. विंडोज अपडेट चालवा, रीस्टार्ट करा, पुन्हा चालवा. दोन-तीन फेऱ्या लागतात. मग अपडेटच्या पानावर ‘व्ह्यू ऑप्शनल अपडेट्स’ मध्ये ‘ड्रायव्हर अपडेट्स’ उघडा, कारण २०२० मध्ये आलेल्या ‘२००४’ क्रमांकाच्या आवृत्तीपासून बरेच ड्रायव्हर तिथे ठेवलेले असतात आणि आपोआप उतरत नाहीत. एवढं झाल्यावरच डिव्हाइस मॅनेजर उघडायचा आणि पिवळं चिन्ह उरलेल्या उपकरणांपुरतीच शोधाशोध करायची.

ज्या चिपसेट (मदरबोर्डवरच्या मुख्य चिपांच्या) पॅकेजचा सगळे आग्रह धरतात, त्यात इंटेलच्या बाबतीत बहुतांश आयएनएफ फायली, म्हणजे उपकरणाची ओळख सांगणाऱ्या मजकूर फायली, असतात. म्हणजे विंडोजला उपकरणाचं नाव कळतं, वेग वाढत नाही. कंपनीच्या पानावरची बाकी पॅकेजं बरेचदा विंडोज ८ पाशी थांबलेली असतात आणि सोबत सुरुवातीलाच चालू होणारे दोन-चार प्रोग्रॅम बसवून जातात.

निळा पडदा

पूर्ण असहमत. पिवळं चिन्ह नाही म्हणजे ड्रायव्हर योग्य आहे, हे गृहीतकच चुकीचं आहे.

टचपॅड घ्या. सिनॅप्टिक्स, आल्प्स किंवा एलानचा ड्रायव्हर नसेल तर विंडोज त्याला पीएस/२ माउस समजतं. पिवळं चिन्ह येत नाही, पण दोन बोटांनी स्क्रोल होत नाही आणि टाइप करताना तळहात लागून कर्सर उडतो. ऑडिओचंही तसंच. मायक्रोसॉफ्टच्या सर्वसाधारण हाय डेफिनिशन ड्रायव्हरवर आवाज येतो, पण काही मॉडेलांवर हेडफोन लावल्यावर स्पीकर बंद होत नाहीत किंवा माइक अगदी क्षीण राहतो. कुठल्या पिनवर काय जोडलंय ही माहिती लॅपटॉप कंपनीने आपल्या रिअलटेक पॅकेजमध्ये भरलेली असते. ग्राफिक्सच्या जागी ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर’ असेल तर ब्राइटनेस हलत नाही आणि पॉवर मेनूतून स्लीप गायब होतं. डिव्हाइस मॅनेजर मात्र स्वच्छ दिसतो.

अपडेटने स्वतःहून बिघाड केल्याचं सर्वांत ठळक उदाहरण इंटेल मॅनेजमेंट इंजिन इंटरफेसचं (चिपसेटमधल्या एका स्वतंत्र छोट्या नियंत्रकाशी बोलणाऱ्या ड्रायव्हरचं) आहे. तिसऱ्या-चौथ्या पिढीच्या अनेक लॅपटॉपांवर विंडोज १० ने त्याची ११ मालिकेतली आवृत्ती बसवली आणि शटडाउन केल्यावर पडदा काळा, पण पंखा व दिवा चालूच. उपाय एकच: जुनी ९.५ किंवा १० मालिकेतली आवृत्ती टाकणे. ती मिळते कंपनीच्या पानावर.

माझा क्रम: नेट बंद ठेवून आधी चिपसेट आणि मॅनेजमेंट इंजिन, मग ग्राफिक्स, ऑडिओ, टचपॅड, शेवटी एफएन बटणांची युटिलिटी. प्रत्येक टप्प्यावर रीस्टार्ट. नेट बंद यासाठी की तुम्ही ग्राफिक्सचा सेटअप चालवत असताना मागून अपडेटही त्याच उपकरणाला हात घालतं आणि दोन्ही अर्धवट राहतात.

कळफलक

टचपॅडचा मुद्दा मान्य, माझ्या क्रमात तो निसटला होता. शटडाउनचाही मान्य, पण तिथे लक्षण दिसल्यावर एक ड्रायव्हर मागे नेणं पुरतं, त्यासाठी बाकी दहा हाताने टाकायची गरज सिद्ध होत नाही. बेसिक डिस्प्ले अडॅप्टर तर अपडेटच्या पहिल्या फेरीनंतर बहुधा जातोच.

तिसरी पिढी

दोघेही ‘नवा की जुना’ यावर वाद घालताय. विंडोज निवड कशी करतं ते आधी पाहू.

विंडोज प्रथम सही (ड्रायव्हर कोणाचा हे पटवणारी डिजिटल खूण) आणि हार्डवेअर आयडीची (उपकरणाच्या ओळख-क्रमांकाची) जुळणी पाहतं. जुळणी जितकी नेमकी, तितका क्रमांक वरचा. दोन ड्रायव्हर तिथे बरोबरीत आले तरच तारीख पाहिली जाते, आणि त्यानंतर आवृत्ती. म्हणूनच विंडोजसोबत येणाऱ्या मूळ ड्रायव्हरांवर वर्षानुवर्षं २१ जून २००६ हीच तारीख असते, म्हणजे उत्पादकाचा कुठलाही ड्रायव्हर त्यांना मागे टाकू शकेल. इंटेलच्या चिपसेट आयएनएफवर १८ जुलै १९६८ आहे, इंटेलच्या स्थापनेचा दिवस. तिथेही हेतू तोच: अधिक नेमका ड्रायव्हर आधीच असेल तर या फायलींनी त्याला हटवू नये. ‘माझ्या चिपसेटचा ड्रायव्हर १९६८ चा आहे, अपडेट करू का?’ या प्रश्नाचं उत्तर नाही असं आहे.

याच नियमामुळे हाताने टाकलेला ड्रायव्हर अपडेट पुन्हा बदलू शकतं: त्यांच्याकडचा आयडी तितकाच नेमका आणि तारीख पुढची असते. थांबवायचं असेल तर रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगांच्या नोंदवहीत) एचकेएलएम, सॉफ्टवेअर, पॉलिसीज, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, विंडोजअपडेट या मार्गावर ‘एक्सक्लूड डब्ल्यूयू ड्रायव्हर्स इन क्वालिटी अपडेट’ नावाचं डीवर्ड, म्हणजे आकड्याची नोंद (नाव सलग लिहायचं, मधे जागा नाही) तयार करून किंमत १ द्या. मार्गातली शेवटची की नसेल तर तीही बनवावी लागते. प्रो आवृत्तीत हेच ग्रुप पॉलिसीतून होतं. याने सुरक्षा अपडेट अडत नाहीत, फक्त ड्रायव्हर थांबतात.

सुटा स्क्रू

हा सगळा वाद फॉरमॅटनंतर सुरू होतोय, काम फॉरमॅटच्या आधीचं आहे. चालू विंडोजमध्ये ॲडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि ‘पीएनपीयुटिल’ या कमांडला ‘एक्स्पोर्ट-ड्रायव्हर’ हा पर्याय, ताऱ्याचं चिन्ह आणि पेनड्राइव्हवरच्या रिकाम्या फोल्डरचा पत्ता द्या. बाहेरून आलेले सगळे ड्रायव्हर आयएनएफसकट तिथे उतरतात. नव्या विंडोजवर त्याच कमांडला ‘ॲड-ड्रायव्हर’, फोल्डरमधल्या सगळ्या आयएनएफ, ‘सबडिर्स’ आणि ‘इन्स्टॉल’ दिलं की बहुतेक काम संपतं.

फॉरमॅट न करता त्याच पार्टिशनवर विंडोज टाकलं असेल तर ‘विंडोज डॉट ओल्ड’ मध्ये सिस्टिम३२ खाली ‘ड्रायव्हरस्टोअर’ आणि त्यात ‘फाइलरिपॉझिटरी’ सापडेल. डिव्हाइस मॅनेजरमधून ‘अपडेट ड्रायव्हर’, ‘ब्राउज माय कॉम्प्युटर’ असं जाऊन तो फोल्डर दाखवायचा. हे लगेच करा, साधारण १० दिवसांत विंडोज ते जुनं फोल्डर पुसतं.

एक अट: ३२ बिटचे ड्रायव्हर ६४ बिट विंडोजवर चालत नाहीत. जुनं विंडोज ३२ बिट असेल तर या कष्टाचा उपयोग नाही.

निळा पडदा

आणि फॉरमॅट ज्यामुळे करावं लागलं तो बिघडलेला ड्रायव्हरही परत येईल. कोऱ्या सिस्टिमचा अर्थच उरत नाही.

सुटा स्क्रू

सगळ्यांना एकदम ‘इन्स्टॉल’ न देता एकेक आयएनएफ निवडून टाका. नेटवर्क, कार्ड रीडर, एफएन बटणं एवढेच घ्या, ग्राफिक्स सोडा. सुटे प्रोग्रॅम तर यात येतच नाहीत. कंपनीचं पान बंद पडलं असेल, आणि जुन्या मॉडेलांचं पडतंच, तर ही एकमेव प्रत असते.

तिसरी पिढी

सुटा स्क्रू यांच्या बाजूने मत. उरलेल्या पिवळ्या चिन्हांबद्दल इथे नीट लिहितो, कारण याच टप्प्यावर लोक ‘ड्रायव्हर शोधून देणारा’ एखादा फुकट प्रोग्रॅम उतरवतात आणि नंतर जाहिराती आणि चुकीचे ड्रायव्हर निस्तरत बसतात.

उपकरणावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स, हार्डवेअर आयडी. ‘व्हेन’ नंतरची चार अक्षरं चिप बनवणाऱ्याची: ८०८६ इंटेल, १०डीई एनव्हीडिया, १००२ एएमडी, १०ईसी रिअलटेक, १४ई४ ब्रॉडकॉम, १६८सी अथेरॉस. ‘डेव्ह’ नंतरची चार नेमक्या चिपची. ‘सबसिस’ मध्ये लॅपटॉप कंपनीची ओळख असते. कोड २८ म्हणजे ड्रायव्हरच नाही. कोड १० म्हणजे ड्रायव्हर आहे पण उपकरण सुरू होत नाही, तिथे दुसरी आवृत्ती लागते. कोड ५२ म्हणजे सही मान्य झालेली नाही.

नावांवरूनही बरंच कळतं. ‘पीसीआय सिंपल कम्युनिकेशन्स कंट्रोलर’ हे इंटेल मॅनेजमेंट इंजिन. ‘एसएम बस कंट्रोलर’ चिपसेट आयएनएफने जातं. ‘बेस सिस्टिम डिव्हाइस’ दोन-तीनदा दिसलं तर बहुधा कार्ड रीडर. ‘अननोन डिव्हाइस’ च्या आयडीत एसीपीआय आणि पुढे एसएमओ८८०० असेल तर डेलचा पडझड ओळखणारा सेन्सर, एचपीक्यू०००४ असेल तर एचपीचा तसाच. हे सेन्सर फिरत्या हार्ड डिस्कचं हेड वाचवण्यासाठी होते. आत एसएसडी बसवली असेल तर त्यांना काही काम नाही, उपकरण सरळ ‘डिसेबल’ करा.

कंपनीचा सेटअप ‘ही सिस्टिम चालत नाही’ म्हणून थांबला तर तो ७-झिपने उघडून आतली आयएनएफ डिव्हाइस मॅनेजरला दाखवा. पुष्कळदा अडवणूक फक्त सेटअपची असते, ड्रायव्हरची नसते. तरीही नाकारलं तर विंडोजच्या आयएनएफ फोल्डरमधली ‘सेटअपएपीआय डॉट डेव्ह डॉट लॉग’ ही फाइल शेवटाकडून वाचा, नकाराचं कारण तिथे स्पष्ट लिहिलेलं असतं.

कळफलक

कोड ५२ आला तर बरेच जण सही तपासणी बंद करायला सांगतात. ते करू नये असं माझं ठाम मत. प्रगत स्टार्टअपमध्ये एफ७ दाबून घेतलेली सवलत एका बूटपुरतीच असते, आणि कायमची बंद केली तर कुठलाही कर्नल (सिस्टिमच्या गाभ्यात चालणारा) ड्रायव्हर आत येऊ शकतो. विंडोज १० च्या १६०७ आवृत्तीपासून कोऱ्या सिस्टिमवर सिक्युअर बूट (सुरू होताना सही असलेलंच चालू देणारी सोय) चालू असताना नव्या कर्नल ड्रायव्हरवर मायक्रोसॉफ्टचीच सही लागते, पण २९ जुलै २०१५ पूर्वी दिलेल्या प्रमाणपत्राने सही केलेले जुने ड्रायव्हर चालतात. म्हणजे त्या काळातल्या मूळ कंपनीच्या पॅकेजला अडचण यायला नको. येत असेल तर बहुधा कोणीतरी आयएनएफमध्ये फेरफार केलेली प्रत हातात आहे.

निळा पडदा

यावर एकमत. पण ग्राफिक्सवर मी हटणार नाही, विशेषतः दोन ग्राफिक्स असलेल्या लॅपटॉपवर. इंटेलसोबत जुनी रेडिऑन असेल तर एएमडीच्या साइटवरचं सर्वसाधारण पॅकेज टाकल्यावर इंटेलचा भागही बिघडतो. लॅपटॉप कंपन्या अशा मॉडेलांना दोन्हींचे ड्रायव्हर एकाच पॅकेजमध्ये द्यायच्या, तेच टाकावं. बिघडलंच तर सेफ मोडमध्ये डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलरने दोन्ही पुसून, नेट बंद ठेवून ते पॅकेज पुन्हा. एनव्हीडिया असेल तर आधी इंटेल, मग एनव्हीडिया, आणि फर्मी या जुन्या पिढीची चिप असेल तर ड्रायव्हरच्या ३९१.३५ आवृत्तीच्या पुढे शोधू नका, पुढे काही नाही.

कळफलक

एकट्या इंटेलवर तरी अपडेट पुरतं. एचडी ३००० ला (दुसऱ्या पिढीतल्या इंटेल ग्राफिक्सला) विंडोज १० चा अधिकृत ड्रायव्हर नाहीच, अपडेट ९.१७ मालिकेतला विंडोज ८ च्या काळातला देतं आणि तो चालतो.

मूळबीज

विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ अधिकृतपणे, मोजके अपवाद सोडले तर, आठव्या पिढीखालच्या इंटेल प्रोसेसरवर येत नाही. मग या यंत्रांवर लिनक्सच का नको? ग्राफिक्स, ऑडिओ, टचपॅड, कार्ड रीडर, सगळं कर्नलमध्ये असतं. ‘एलएसपीसीआय’ ला ‘एनएनके’ जोडून चालवा, प्रत्येक उपकरणासमोर कुठला ड्रायव्हर चालू आहे ते एका पडद्यावर दिसतं.

निळा पडदा

१४ई४ वाल्या ब्रॉडकॉम वायफायचं काय? लिनक्सच्या अनेक वितरणांत (उबुंटूसारख्या तयार संचांत) त्याचा ड्रायव्हर वेगळा उतरवावा लागतो, आणि उतरवायला नेट नाही. सिक्युअर बूट चालू असेल तर त्या मॉड्यूलची किल्ली रीस्टार्टच्या वेळी निळ्या पडद्यावर नोंदवावी लागते, ती पायरी चुकली की वायफाय दिसतच नाही. जुन्या एनव्हीडियाला फर्मीसाठी ३९० आणि त्यापुढच्या केप्लर पिढीसाठी ४७० मालिका, आणि नव्या कर्नलवर त्या जुळवताना दमछाक होते. नाहीतर नूव्हो या मुक्त ड्रायव्हरवर समाधान.

मूळबीज

वायफायसाठी अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा, पाच मिनिटांचं काम आहे. विंडोजवरही हेच चालतं. नेटवर्कचा ड्रायव्हर नाही म्हणून अडण्याचं कारण दोन्हीकडे नाही. एनव्हीडियाबद्दल वाद घालत नाही. तिथे बायोसमध्ये सोय असेल तर ती चिप बंद करून इंटेलवर चालवणं बरं.

सुटा स्क्रू

डिस्कबद्दल राहिलं. विंडोजच्या सेटअपमध्ये डिस्कच दिसत नसेल तर बायोसमध्ये साटा मोड रेड (अनेक डिस्क एकत्र चालवण्याची पद्धत) किंवा आरएसटी (इंटेलचं रॅपिड स्टोरेज) आहे का पाहा. एकच एसएसडी असेल तर इन्स्टॉलआधी एएचसीआय करा आणि रॅपिड स्टोरेजचं पॅकेज विसरा. २४ किंवा ३२ जीबीची छोटी कॅश एसएसडी असलेल्या अल्ट्राबुकवर, कॅश वापरायची असेल तरच ते लागतं.

विंडोज आधीच रेडमध्ये टाकलं असेल तर मोड थेट बदलू नका, ‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस’ ची निळी स्क्रीन येईल. आधी ‘एमएसकॉन्फिग’ च्या बूट टॅबमध्ये ‘सेफ बूट’ ला ‘मिनिमल’ ची खूण करा, मग रीस्टार्ट करून बायोसमध्ये एएचसीआय. सेफ मोडमध्ये एकदा सुरू झालं की विंडोज स्वतःच योग्य ड्रायव्हर जोडतं. खूण काढून पुन्हा रीस्टार्ट करा. सेफ मोडमध्ये पिन चालली नाही तर खात्याचा पासवर्ड लागेल, तो आधीच जवळ ठेवा.