मदत हवी आहे: लेबल नसलेली जुनी खेळणी विकावीत का?

आम्ही चौघीजणी इथे अमेरिकेत, ओढाताणीत असलेल्या आईवडिलांसाठी मुलांचं जुनं सामान गोळा करून नाममात्र पैशात देतो. 2008 च्या ग्राहक सुरक्षा कायद्याने जुन्या वस्तू विकणाऱ्यावर तपासणीची सक्ती नाही, पण शिशाची मर्यादा (वस्तूत 100 पीपीएम, म्हणजे दहा लाखात 100 भाग, रंगाच्या थरात 90) ओलांडणारी वस्तू विकायलाही बंदी आहे. मग तपासल्याशिवाय कळणार कसं? घोडं इथेच अडलंय.

एक बाजू खाली सरकणारे पाळणे आम्ही घेतच नाही. 2011 पासून ते विकताही येत नाहीत, दानही करता येत नाहीत. परत मागवलेल्या वस्तूंची सरकारी यादी प्रत्येक वेळी बघतो. पण परवा आलेली लाकडी आगगाडी बघा: डब्यांच्या कडांचा लाल रंग उडालाय, तळाचं लेबल घासून कोरं झालंय. यादीत शोधायचं काय? शिसं ओळखणाऱ्या घरगुती पट्ट्यांच्या चाचणीवर भरवसा ठेवता येत नाही. प्रयोगशाळेत पाठवलं तर खेळण्याच्या किमतीपेक्षा खर्च जास्त, शिवाय नमुना खरवडून खराब होतो.

सरसकट फेकून द्या, असं कृपया सांगू नका. नवं घेणं ज्यांना जमत नाही तेच आमच्याकडे येतात, आणि त्यांच्या मुलांना धोका नको म्हणूनच विचारतेय.

अशी खेळणी वेगळी काढायला तुम्ही कोणता नियम लावता? आणि एक्सआरएफ यंत्राने (क्ष-किरणांनी, न खरवडता शिसं मोजणारं यंत्र) फुकट किंवा स्वस्तात तपासून देणारं कुणी, म्हणजे आरोग्य विभाग किंवा विद्यापीठ, तुमच्या अनुभवात आहे का?