गेडी ली स्वतः काय ऐकत घडला? (बासवादकांसाठी एक प्रश्न)

खर्जातला_प्रवासी (पुणे)

नमस्कार. नोकरी सांभाळून मी चार वर्षे बास गिटार वाजवतो आहे. सहा महिन्यांपूर्वी आमच्या ड्रमवादकाने 'रश' या कॅनडातील त्रिकुटाची ध्वनिमुद्रणे ऐकवली आणि तेव्हापासून माझा सराव वाढला असला तरी धीर खचला आहे. त्यातला गेडी ली हा एकच माणूस गातो, बास वाजवतो, मध्येच कीबोर्डकडे वळतो आणि त्याच वेळी पायाखालच्या पेडलांवर खर्जाचे स्वर दाबून धरतो, हे पाहिल्यावर आपण इतकी वर्षे नेमके काय करत होतो, असे वाटू लागते.

गेडी लीची नक्कल करण्याची माझी कुवत नाही, हे मी मान्य करून टाकले आहे. म्हणून दुसऱ्या टोकाने सुरुवात करावी, असे मनात आले. तो शिकत होता तेव्हा कोणते रॉक संगीत ऐकत होता आणि त्यात त्याला बासमधले काय आवडत होते, हे जाणकारांनी सांगितले तर माझ्या ऐकण्याला काही दिशा मिळेल. आणखी एक शंका आहे, थोडी अवांतर. त्याच्याविषयी जिथे जिथे वाचले, तिथे बेसबॉल, जुनी वाद्ये, बर्गंडीची वाइन आणि पक्षिनिरीक्षण यांचा उल्लेख हटकून येतो. हे सारे सुस्थितीतल्या माणसाचे फावल्या वेळचे छंद समजून सोडून द्यावे, की त्यांचे त्याच्या वादनाशी काही नाते आहे?

चौथी_तार

पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्याने आणि त्याच्या साथीदारांनी वाजवूनच देऊन ठेवले आहे. बँडला तीस वर्षे झाली तेव्हा, २००४ मध्ये, 'रश'ने 'फीडबॅक' नावाची आठ गाण्यांची छोटी ध्वनिमुद्रिका काढली. त्यातले एकही गाणे त्यांचे स्वतःचे नाही. द हू, द यार्डबर्ड्स, बफेलो स्प्रिंगफिल्ड आणि लव्ह या साठच्या दशकातल्या बँडांची गाणी त्यात आहेत, आणि 'क्रॉसरोड्स'ही आहे, जे या पिढीने क्रीम या ब्रिटिश त्रिकुटाकडून ऐकले. टोरंटोच्या उपनगरात वाढलेली ही मुले काय ऐकत होती, याची ती जवळजवळ वहीच आहे. आधी मूळ गाणी ऐकावीत आणि मग यांची, म्हणजे कोणती गोष्ट कोठून आली ते आपोआप कळते.

बासपुरते बोलायचे तर तीन नावे पुरेशी आहेत. पहिला क्रीमचा जॅक ब्रूस. तो ग्लासगोमध्ये चेलो शिकलेला होता. 'क्रॉसरोड्स'चे १९६८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या विंटरलँड सभागृहात झालेले प्रत्यक्ष वादन ऐकावे, आणि क्रीमचा गिटारवादक एरिक क्लॅप्टन याच्या गिटारकडे हट्टाने दुर्लक्ष करून ऐकावे. गिटारचा एकल भाग सुरू झाल्यावर बहुतेक बासवादक मूळ स्वर धरून तबल्याच्या ठेक्यासारखे मागे बसतात; ब्रूस मात्र स्वतःचे बोलणे चालूच ठेवतो, कधी गिटारच्या खालून तर कधी तिला आडवे जाऊन, आणि तरीही समेचे भान सुटत नाही. त्रिकुटात दुसरी गिटार नसते, त्यामुळे एकल भागात खाली पोकळी पडते, आणि ती भरायची कशी हा 'रश'चाही कायमचा प्रश्न होता.

दुसरा द हूचा जॉन एन्टविसल. १९६५ मध्ये त्याने एका गाण्यात बासला चक्क एकल वादनाची जागा मिळवून दिली. त्याच्या नादाची धार मात्र बोटांइतकीच तारांतून आली आहे. गोल तारेचे वेटोळे असलेल्या बासच्या तारा नीट वाजाव्यात म्हणून तो १९६६ मध्ये रोटोसाउंड या इंग्लिश कंपनीबरोबर बसला, आणि तशाच तारा पुढे लीनेही वापरल्या. आपण अँपची (ध्वनिवर्धकाची) बटणे फिरवत बसतो आणि तारा तीन-तीन वर्षे बदलत नाही, हे येथे नमूद करावेसे वाटते.

तिसरा, आणि माझ्या मते सर्वांत खोल ठसा उमटवणारा, येस या बँडचा ख्रिस स्क्वायर. त्याच्या रिकनबॅकर बास गिटारचा कडक, जवळजवळ धातूचा आवाज ज्याने ऐकला आहे, त्याला १९७०च्या दशकातला ली कोठून आला हे वेगळे सांगावे लागत नाही. १९७४ मध्ये पहिल्या करारातून पैसे हाती आले, तेव्हा लीने रिकनबॅकर ४००१च घेतली. स्क्वायर जून २०१५ मध्ये गेला. २०१७ मध्ये येसचा रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला, त्या रात्री 'राउंडअबाउट' वाजवताना बास लीच्या गळ्यात होती. ज्याचे ऐकून शिकलो त्याच्याच रिकाम्या जागी उभे राहून त्याचीच ओळ वाजवायची, यात आनंद किती आणि दडपण किती, हे त्यालाच ठाऊक.

आणखी एक गोष्ट सांगतो, कारण 'काय ऐकले' याइतकेच 'कधी ऐकता आले नाही' हेही महत्त्वाचे आहे. त्याचे आईवडील पोलंडमधले ज्यू, नात्सी छळछावण्यांतून वाचून कॅनडात आलेले. तो बारा वर्षांचा असताना वडील वारले आणि धर्माप्रमाणे पाळायच्या दुखवट्यात जवळजवळ वर्षभर संगीत वर्ज्य होते. त्यानंतर हा मुलगा संगीतावर कसा तुटून पडला असेल, याची कल्पना ज्याच्या घरी कडक सुतक पाळले गेले आहे त्याला करता येईल.

टोरंटोनिवासी

वरील उत्तर उत्तम आहे. मी बेसबॉलविषयी लिहितो, कारण ते आमच्या गावचे प्रकरण आहे. टोरंटो ब्लू जेज या आमच्या संघाचे सामने पाहणाऱ्यांना ली परका नाही. २०१३ मध्ये घरच्या मैदानावरील हंगामाच्या पहिल्या सामन्याचा मानाचा चेंडू त्याने टाकला, आणि त्याआधी १९९३ मध्ये बाल्टिमोरला झालेल्या ऑल-स्टार सामन्यापूर्वी कॅनडाचे राष्ट्रगीत त्यानेच गायले. पण हे झाले मिरवण्याचे प्रसंग. मला अधिक मोलाचे वाटते ते असे की, २००८ मध्ये त्याने खेळाडूंच्या स्वाक्षऱ्या असलेले सुमारे २०० चेंडू कॅन्सस सिटीच्या निग्रो लीग्ज बेसबॉल म्युझियमला देऊन टाकले. वर्णभेदामुळे ज्यांना मुख्य लीगची दारे बंद होती, अशा खेळाडूंचे ते संग्रहालय आहे. संग्रह करणाऱ्याला संग्रह कोठे असावा हेही कळते, याचा हा दाखला आहे.

आता एक खास मराठी माणसाच्या उपयोगाची गोष्ट. टोरंटोच्या विमानतळाची खूण 'वाय वाय झेड' अशी आहे (आमच्याकडे 'झी' म्हणत नाहीत), आणि भारतातून परतताना आमच्या बॅगांवर हीच चिठ्ठी चिकटवलेली असते. 'रश'च्या १९८१ मधल्या 'मूव्हिंग पिक्चर्स'मध्ये याच नावाची एक शब्दविरहित रचना आहे आणि तिची सुरुवात म्हणजे ही तीन अक्षरे मोर्स संकेतात वाजवणे. मोर्समधली रेघ गुरू आणि ठिपका लघु धरला, तर 'वाय' म्हणजे रेघ, ठिपका, रेघ, रेघ, अर्थात गालगागा. आणि 'झेड' म्हणजे दोन रेघा, दोन ठिपके, अर्थात गागालल. मराठी गझल वाचणाऱ्याला पहिले आवर्तन पाठच असते! मात्रा मोजल्या तर सात, सात आणि सहा मिळून वीस भरतात, आणि चार-चारांचे गट केले की पाच ठोके होतात. हा पाचांचा ठेका मोजताना मी वर्षभर चुकत होतो. 'गालगागा गालगागा गागालल' असे पुटपुटत टाळी धरली, त्या संध्याकाळी तो अंगात बसला.

जुना_अँप

दोन्ही प्रतिसाद आदराने वाचले, तरी छंदांचे इतके कौतुक मला पटत नाही. जुन्या बास गिटारांचा मोठा संग्रह करणे आणि २०१८ मध्ये त्यांच्यावर जाडजूड सचित्र ग्रंथ काढणे, हे ज्याला परवडते त्याने खुशाल करावे. आमच्यासारख्यांनी त्यातून 'चांगला नाद हवा तर जुने महाग वाद्य हवे' असा अर्थ काढला, की पगार कोठे जातो ते मी अनुभवले आहे. हप्त्यावर घेतलेल्या एका वाद्याने मला दोन वर्षे रडवले आणि माझी बोटे होती तशीच राहिली.

उलट त्याच्याच आयुष्यातली एक गोष्ट पाहावी. ज्या १९७२च्या फेंडर जॅझ बासवर त्याचा पुढचा सारा नाद उभा राहिला, ती त्याने मिशिगनमधल्या कॅलामझू गावी गहाणवटीच्या दुकानात सुमारे दोनशे डॉलरना घेतली होती. तिच्यावर चालतो तो मुख्यतः तर्जनीचा प्रहार. नखाची बाजू तार छेडायच्या पिकसारखी जाताना आणि येतानाही लागते. तो नाद आधी या बोटात आहे.

अँपची गोष्ट तर आणखी गमतीची. रंगमंचावर त्याला बासचे अँप लागेनासे झाले, कारण आवाज थेट ध्वनियंत्रणेत जात होता. त्यामुळे गिटारवादकाच्या बाजूला अँपची भिंत आणि याच्या बाजूला मोकळी जमीन, असे बेढब दृश्य दिसू लागले. म्हणून २००२ च्या दौऱ्यात त्याने तेथे कपडे वाळवण्याची यंत्रे मांडली, तीही चालू स्थितीत. पुढच्या एका दौऱ्यात कोंबड्या भाजण्याच्या फिरत्या भट्ट्या आल्या, आणि मध्येच टोपी घातलेला आचारी येऊन त्यांना रस्सा लावून जात असे. माझ्या दृष्टीने त्याच्या सर्व छंदांत हा सर्वांत थोर आहे.

चौथी_तार

जुना_अँप, पैशांविषयीचे आपले म्हणणे मान्य, पण संग्रह आणि वादन इतके तोडता येतील असे वाटत नाही. एकाच नमुन्याच्या दोन वाद्यांत पिकअप (तारांची कंपने टिपणारे भाग) कोठे बसवले आहेत आणि त्यामुळे नाद कसा पालटतो हे ज्याला पाहावेसे वाटते, तोच माणूस लहानपणी ब्रूस आणि स्क्वायर यांच्यातला फरक ऐकत बसला असणार. खरेदी न करताही ही सवय लावता येते.

खर्जातला_प्रवासी (पुणे)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. शनिवारी तारा बदलल्या. जुन्या तारांवर गंज होता, हे कबूल करताना लाज वाटते. विंटरलँडचे ते वादन आठवडाभर फक्त ऐकले, वाद्याला हात लावला नाही. पहिले तीन दिवस कान सारखा गिटारकडे धावत होता आणि चौथ्या दिवशी कोठेतरी बास वर आली. काल सरावाच्या वेळी आमच्या गिटारवादकाच्या एकल भागात मी मूळ स्वर सोडून खाली थोडी हालचाल करून पाहिली. दोनदा सम चुकली, ड्रमवादक हसला, आणि तिसऱ्यांदा त्याने स्वतःहून ठेका उघडा करून मला जागा दिली. गालगागा मात्र अजून टाळीवरच आहे. पुढच्या रविवारी तारेवर घेणार आहे.